हत्ती घ्यायचाय? आधी आकुर्डीला या!

नवी ई-क्लास म्हणजे स्वप्न. बारा-तेरा वर्षं जुनी ई-क्लास म्हणजे... नव्या हॅचबॅकची किंमत! पण थांबा, चेकबुक काढू नका. एक शनिवार काढा आणि आकुर्डीला चक्कर मारा.

आकुर्डी म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? स्कूटर! चूक नाही तुमचं. बजाजच्या कारखान्यानेच या गावाला ओळख दिली. २००७ मध्ये इथलं उत्पादन थांबलं आणि भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या कितीतरी घरांचा दिनक्रम बदलला. २०२२ मध्ये त्याच आकुर्डीत इलेक्ट्रिक चेतकचा कारखाना सुरू झाला, म्हणजे घोडा परत तबेल्यात आला म्हणायचा!

पण आपला आजचा विषय घोडा नाही, हत्ती आहे. जुन्या मुंबई-पुणे हायवेने खंडोबा माळ चौकाकडून निगडीच्या दिशेने निघा. टायरची दुकानं, सीटकव्हरवाले, वडापावच्या गाड्या आणि मधूनच पताका लावलेलं एखादं मोकळं मैदान. पुढच्या रांगेत स्विफ्ट आणि आय-टेन, आणि मागे भिंतीलगत, जरा धूळ खात, मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी, एखादी जॅग्वार. लांबलचक, काळ्या नाहीतर चंदेरी. कधीकाळी ज्यांचं दार ड्रायव्हर उघडायचा अशा या गाड्या आता 'कॉल फॉर बेस्ट प्राइस'चा कागद काचेला चिकटवून उभ्या असतात.

माहेरवाशिणी

इथे या गाड्या का दिसतात? कारण यातल्या कितीतरी इथल्याच आहेत! मर्सिडीज-बेंझ भारतात आली १९९४ मध्ये, टेल्कोबरोबर. पहिली ई-क्लास, म्हणजे जाणकार जिला 'डब्ल्यू १२४' म्हणतात ती, १९९५ मध्ये पिंपरीतल्या टेल्कोच्या आवारातच जोडली गेली. २००९ मध्ये कंपनीने चाकणला स्वतःचा कारखाना थाटला. जॅग्वार लँड रोव्हर टाटांनी २००८ मध्ये विकत घेतली आणि २०११ मध्ये चिखलीजवळ जोडणी सुरू केली. जॅग्वारची एक्सएफ इथे २०१३ पासून बनू लागली. फोक्सवॅगन चाकणला, तर ऑडी आणि स्कोडा पलीकडे तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्याला. २०१७ मध्ये उजव्या स्टिअरिंगची लांब व्हीलबेसवाली ई-क्लास जगात पहिल्यांदा बनली तीही चाकणलाच. कशासाठी? मागच्या सीटवरच्या साहेबांना पाय पसरता यावेत म्हणून!

दुसरं कारण म्हणजे गिऱ्हाईक. भोसरी, चाकण, तळवड्याच्या एमआयडीसीत सुटे भाग बनवणारे शेकडो लघुउद्योजक आहेत. कंपनीच्या नावावर गाडी घ्यायची, घसारा दाखवायचा आणि चार-पाच वर्षांनी नवी घ्यायची, हा इथला जुना फंडा. जुनी जाते दुसऱ्या मालकाकडे, मग तिसऱ्याकडे, आणि शेवटी या पताकांखाली.

काका, दादा आणि आठ लाख

माझा चुलत भाऊ, म्हणजे आमचा दादा, चौतीस वर्षांचा, चाकणला एका कंपनीत क्वालिटीत आहे. कंपनीच्या बसने जातो-येतो. त्याच्याकडे साठवलेले आठ लाख होते आणि डोक्यात एकच खूळ होतं, ई-क्लास. वहिनीचं म्हणणं, त्यात नवी छोटी गाडी आणि वर फ्लॅटच्या कर्जाचे सहा-सात हप्ते होतील. मुद्दा बिनतोड!

पण या खुळामागे काका होते. काकांची अख्खी नोकरी टेल्कोत, ट्रकच्या बाजूला गेली. १९९५ मध्ये पलीकडच्या शेडमधून पॉलिश केलेल्या मर्सिडीज बाहेर पडायच्या, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत ही मंडळी कंपाउंडशी उभी राहून बघायची. "एकच वायपर होता तिला. आम्हाला वाटलं, दुसरा लावायचा राहिला!" हे काका अजून सांगतात. गाडी बघितली रोज, बसले एकदाही नाहीत. दादाला नेमकं तेच खटकत होतं.

तर एका शनिवारी आम्ही तिघं आकुर्डीत. मैदानावरच्या डीलरने आधी आम्हाला नीट न्याहाळलं आणि मग सुरू झाला. "या साहेब, या ताई! डॉक्टरची गाडी आहे, सिंगल हँड." (मंडळी, या धंद्यात प्रत्येक गाडी डॉक्टरची असते. पुण्यात इतके डॉक्टर असते तर कुणी आजारी पडलंच नसतं!) समोर २०१२ची डिझेल ई-क्लास होती. ७८ हजार किलोमीटर आणि मागणी ९ लाख. नवी असताना चाळीस लाखांच्या वर होती. शेजारी जवळपास त्याच किमतीत बीएमडब्ल्यूची सेव्हन सीरिज! दादा तिच्याकडे वळला आणि काकांनी त्याचा दंड धरला. "जेवढी मोठी, तेवढं पोट."

पडते ती किंमत, पार्ट नाही

आता जरा हिशेब. नव्या गाडीची किंमत कशी कोसळते ते इन्शुरन्सच्या तक्त्यात दिसतं. पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षात १५, आणि पाच वर्षं होईतो ५० टक्के घसारा. त्यापुढे गाडीची किंमत कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता. मोठ्या सलूनचं तर बाजारात याहूनही वाईट असतं, कारण ज्याच्या खिशाला ती परवडते त्याला जुनी नको असते आणि ज्याला जुनी चालते त्याला तिच्या खर्चाची धास्ती असते.

ही धास्ती खरी आहे. आम्ही जवळच्याच एका गॅरेजमध्ये गेलो. तिथले मिस्त्री वीसेक वर्षं फक्त जर्मन गाड्या उघडतात. चहा घेता घेता त्यांनी लाखमोलाचं सांगितलं. "ताई, चाळीस लाखांची गाडी नऊ लाखांत मिळते. पण तिचा पार्ट नऊ लाखांच्या गाडीचा मिळत नाही, चाळीस लाखांच्याच गाडीचा मिळतो."

हेच ते गणित! एअर सस्पेन्शन असलेल्या एस-क्लासला स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे असतात. रबर म्हातारं झालं की रात्रीतून एक कोपरा जमिनीला टेकतो. बीएमडब्ल्यूच्या त्या काळातल्या दोन लिटर डिझेलची टायमिंग चेन बदनाम आहे, आणि ती इंजिनच्या मागच्या बाजूला असल्याने मजुरीच जास्त. स्कोडा सुपर्बच्या सात गिअरच्या डीएसजीमध्ये मेकॅट्रॉनिक युनिट रुसतं. २०००च्या दशकातल्या ई-क्लासमध्ये, म्हणजे डब्ल्यू २११ मध्ये, इलेक्ट्रॉनिक ब्रेकचं युनिट ठरावीक वापरानंतर बदलायचं असतं. दिलासा एवढाच की २२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्या सुट्या भागांवरचा जीएसटी १८ टक्के झाला. त्याआधी बऱ्याच पार्टवर तो २८ होता.

जुने पार्ट? पूर्वी त्यासाठी चिखली-कुदळवाडीची भंगार गोदामं होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथे मोठी पाडापाडी केली. आता मिस्त्री मुंबईला कुर्ल्याला फोन लावतात किंवा दिल्लीच्या मायापुरीहून कुरिअर मागवतात.

मिस्त्रींचा नियम सोपा आहे. जेवढे पैसे हातात आहेत त्याच्या तीन चतुर्थांशातच गाडी बघायची. उरलेला पाव भाग पहिल्या वर्षासाठी बाजूला. तो खर्च झाला नाही तर देवाची कृपा समजायची!

मागची डावी सीट

मिस्त्री आमच्याबरोबर मैदानावर आले. बॉनेट नाही, आधी मागचं दार उघडलं. मागची डावी सीट हाताने दाबली. ती दबलेली होती, उजवी मात्र नव्यासारखी. म्हणजे मालक मागे बसायचा आणि ड्रायव्हर चालवायचा. असं असेल तर पुढच्या सीटपेक्षा मागच्या एसीची बटणं जास्त झिजलेली असतात. मग चारही सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहिले. पुरात बुडालेली गाडी कितीही धुतली तरी बेल्टच्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ राहते. २६ जुलै २००५ची मुंबई, डिसेंबर २०१५ची चेन्नई, सप्टेंबर २०१९चं पुणं... प्रत्येक पुरानंतर अशा गाड्या गावोगाव फिरतात.

मग स्कॅनर जोडला. एकही एरर नाही! डीलर खूश, मिस्त्री गंभीर. "आदल्या रात्री पुसलेत." मशिन तेही सांगतं म्हणे. अर्धा तास चालवून परत स्कॅन करू, असं ठरलं. त्रिवेणीनगरहून स्पाइन रोडला लागलो. दादा स्टिअरिंगवर, मिस्त्री शेजारी, मी मागे उजवीकडे आणि काका... मागच्या डाव्या सीटवर. काका काही बोलले नाहीत. दारावरच्या लाकडी पट्टीवरून फक्त बोट फिरवत होते. चिखलीच्या आसपास एकदा म्हणाले, "आवाज येत नाही रे." बस्स, एवढंच.

परत स्कॅन केलं तर दोन एरर, एक इंजेक्टरचा आणि एक छोट्या बॅटरीचा. चेसिस नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरमधली हिस्टरी काढली. ७८ हजारांचा आकडा खरा निघाला. मालक डॉक्टर नव्हताच, भोसरीची एक कंपनी होती! मिस्त्रींनी कागदावर खर्च मांडला, टायर धरून पावणेदोन लाख. तो कागद दादाने डीलरपुढे ठेवला आणि गप्प बसला. चहाचे दोन राउंड झाले. सौदा सहा लाख दहा हजारांवर तुटला.

कागद, कागद, कागद

गाडी फिरते चाकांवर, पण तुमची होते कागदांवर! मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. ई-चलन बाकी आहे का ते ऑनलाइन दिसतं, ते आधीच्या मालकाकडून भरून घ्या. दिल्लीच्या स्वस्त डिझेल गाड्यांचा मोह खूप जणांना होतो. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर २०१५ मध्ये हरित लवादाने बंदी घातली, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली, आणि तेव्हापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इतर राज्यांत येतात. पण परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर इथलं पासिंग हवं. एनओसी आणा, इथला रोड टॅक्स भरा, मग एमएच १४ची पाटी. हा खर्च धरला की 'स्वस्त' शब्दातला अर्धा जीव जातो.

आणखी एक. पंधरा वर्षं पूर्ण झाली की पाच-पाच वर्षांसाठी नव्याने नोंदणी करावी लागते, हरित कर भरावा लागतो. म्हणजे २०१२ची गाडी आज घेणाऱ्याने २०२७ डोक्यात ठेवूनच भाव करायचा. दादाने केला.

मग वहिनी काय म्हणाल्या?

वहिनींनी एकच अट घातली, वरचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि त्याला हात लावायचा नाही. दादाने ते केलं. इंजेक्टर, बॅटरी, टायर यात त्यातले बहुतेक पैसे पहिल्या चार महिन्यांत गेले. आता दर महिन्याला तो त्या खात्यात थोडे टाकतो, एसआयपीसारखे. अजूनही चाकणला कंपनीच्या बसनेच जातो, कारण शहरातल्या ट्रॅफिकमध्ये तिला रोज काढणं म्हणजे डिझेल आणि ब्रेक दोन्हींचं श्राद्ध. गाडी निघते ती रविवारी.

परवडते का? नव्या छोट्या गाडीपेक्षा महागच पडते, हे दादा मान्य करतो. मायलेज, इन्शुरन्स, सर्व्हिसिंग, कुठल्याच रकान्यात ती जिंकत नाही. तरी त्याला पश्चात्ताप नाही, आणि आकुर्डीत या गाड्यांभोवती घुटमळणारी बरीच पोरं मला त्याच्यासारखीच वाटली. कुणाचे वडील बजाजमध्ये, कुणाचे टेल्कोत, कुणाचे एखाद्या व्हेंडरकडे. ज्या गाड्यांचे नट बापाने आवळले, त्या पोराच्या आवाक्यात यायला वीस-पंचवीस वर्षं गेली. या गोष्टीसाठी इन्शुरन्सच्या तक्त्यात रकाना नाही. पण तो रकाना भरायला वेगळं खातं लागतं, हे मात्र विसरू नका!

निघण्यापूर्वी...

• सकाळी लवकर जा. इंजिन थंड असतानाच स्टार्ट करून बघा. आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर शंका घ्या.
• दोन्ही किल्ल्या मागा. या गाड्यांची दुसरी किल्ली बनवणं महागाचं काम आहे.
• इसार देण्याआधी स्वतःच्या मिस्त्रीला दाखवा. डीलर नको म्हणाला तर तिथून निघा.
• डीलरच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी असतो आणि तो किमतीतच धरलेला असतो. खासगी मालकाकडून थेट घेतली तर तो नाही, पण मग कागदांची धावपळ तुमची.
• नो-क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. आधीच्या मालकाचा बोनस तुम्हाला मिळत नाही. तुमच्या जुन्या गाडीचा मात्र नव्या पॉलिसीवर आणता येतो.
• अधिकृत डीलरकडच्या तपासलेल्या जुन्या गाड्या महाग असतात, पण वॉरंटी मिळते. पहिलाच हत्ती असेल तर हा पर्याय आधी बघा.
• आषाढी वारीच्या दिवसांत जाऊ नका. तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामी येते. त्या दिवशी रस्ता माउलींचा, टेस्ट ड्राइव्हचा नाही!