लघुशंका

मराठीत लघवीला जाण्यासाठी एक फार सभ्य शब्द आहे : लघुशंका. छोटी शंका. शाळेत असल्यापासून मला या शब्दाची गंमत वाटायची, कारण यात शंका नेमकी कसली ते कोणीच सांगायचं नाही. हरमलला आमच्या घरात कोकणी, इगर्जीत कोकणी, शाळेत मराठी आणि आता कॉलेजात निम्मं इंग्रजी. त्यामुळे या एका गोष्टीसाठी माझ्याकडे तीन भाषांतले शब्द आहेत. 'एक नंबर', 'जाऊन येतो', 'लघवी', 'युरिन', आणि मुलगे आपसांत बिनधास्त वापरतात तो म-वरून सुरू होणारा. एवढे शब्द असूनही आपल्याकडच्या तरुण मुलग्यांना दुखतंय हे सांगायला त्यातला एकही उपयोगी पडत नाही. हे मला आमच्याच घरात कळलं.

माझा थोरला भाऊ २४ वर्षांचा आहे. टॅक्सी चालवतो. २०२३च्या जानेवारीत मोपाहून विमानं उडायला लागली, तेव्हापासून आमच्या पेडण्यातले त्याच्या वयाचे बरेच मुलगे असे गाडीवर बसले. पहाटे चारला निघायचं, एक भाडं मडगावला, परत येताना दुसरं कळंगुटला. गाडीत पाण्याची बाटली असते, पण ती गिऱ्हाइकासाठी. स्वतः तो फारसं पाणी प्यायचाच नाही. 'प्यालं की मध्येच थांबवावी लागते गाडी,' हे त्याचं उत्तर.

गेल्या एप्रिलमध्ये एका रात्री तो कमरेला हात लावून अंगणात येरझाऱ्या घालायला लागला. बसवेना, झोपवेना, मध्येच ओकारी. पप्पांना म्हणाला गॅस झाला. ममाने ओवा दिला, मग सोडा दिला. असं तीन दिवस येत-जात राहिलं. लघवी लालसर होतेय हे त्याने पहिल्यांदा सांगितलं ते टॅक्सी स्टँडवरच्या मित्राला. मित्राने औषधही लगेच सांगितलं : दोन थंड बियर मार, खडा वाहून जाईल. ममाला ते कळलं तेव्हा तिने मला सोबत पाठवलं, कारण 'तुला डॉक्टरशी बोलता येतं.' डॉक्टर आमच्यासारखेच कोकणी बोलणारे निघाले. भाषेचा प्रश्न नव्हताच. भाऊ म्हणाला, 'पोटात दुखतं.' डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मला बाहेर बसायला सांगितलं, आणि दार लावल्यावर पाच मिनिटांत त्यांना सगळं कळलं. सोनोग्राफीत ५ मिलिमीटरचा खडा मूत्रनलिकेत दिसला. गोळ्या, भरपूर पाणी, आणि आठवड्यानंतर एक दिवस तो बाथरूममधून बाहेर आला तो हसतच. इतकीच गोष्ट. ऑपरेशन नाही, काही नाही.

पण ते तीन दिवस मला सतावत राहिले, म्हणून मी यावर वाचायला लागले.

मुतखडा होण्याचं गणित फार अवघड नाही. रक्तातली नको असलेली क्षारद्रव्यं मूत्रपिंडं पाण्यात विरघळवून बाहेर टाकतात. पाणी कमी पडलं की तीच द्रव्यं, बहुतेक वेळा कॅल्शियम ऑक्झलेट, स्फटिक होऊन बसतात. मिठागरात पाणी आटलं की मीठ दिसायला लागतं, तसंच. आपल्याकडे मार्च ते मे घामानेच अंगातलं पाणी जातं. त्यात उन्हात काम करणारा, तासन्‌तास एका जागी बसणारा, पाणी टाळणारा तरुण म्हणजे खड्याला आयती जागा. पुरुषांना हा त्रास बायकांपेक्षा जास्त होतो, आणि ऐन कामाच्या वयात होतो.

डिचोलीला माझ्या आईचं माहेर. तिथला आमचा तियू खाणी जोरात होत्या तेव्हा खनिजाचा ट्रक चालवायचा. २०१२मध्ये खाणी बंद पडल्या तोवर त्याचं सगळं तरुणपण खाण ते सारमानसची जेटी या रस्त्यावर गेलं. जितक्या खेपा तितके पैसे, त्यामुळे रांगेतला नंबर सोडून उतरायचं नाही. तो सांगतो, 'आम्ही पाणी पीत नव्हतो असं नाही, आम्ही ते धरून ठेवायचो.' त्याला दोनदा खडा झाला. घरात आम्हाला कोणालाच हे माहीत नव्हतं. माझ्या भावाचं झाल्यावर त्याने जेवताना सहज सांगितलं. एकदा खडा झालेल्याला पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते, आणि घरात कोणाला झालेला असेल तर बाकीच्यांनीही जपायला हवं. म्हणजे तियूने हे दहा वर्षं आधी सांगितलं असतं तर ती नुसती गप्पांची गोष्ट ठरली नसती. ती आमच्या उपयोगाची होती.

याच्या अगदी उलट माणूस मला इंग्रजीच्या अभ्यासात भेटला. सॅम्युएल पीप्स, सतराव्या शतकातल्या लंडनची रोजनिशी लिहिणारा. त्याला लहानपणापासून मूत्राशयाच्या खड्याचा त्रास होता. २६ मार्च १६५८ रोजी, वयाच्या २५व्या वर्षी, त्याने तो कापून काढून घेतला. भूल देण्याचं औषध यायला अजून जवळजवळ दोनशे वर्षं होती, तेव्हा माणसाला बांधून हे करायचे. खडा टेनिसच्या चेंडूएवढा निघाला. पीप्सने तो जपून ठेवला, लोकांना दाखवला, आणि त्या तारखेला दरवर्षी मित्रांना जेवायला बोलवायचं ठरवलं. हा माणूस आपली रोजनिशी कोणाला वाचता येऊ नये म्हणून लघुलिपीत लिहायचा. लपवण्यासारखं त्याच्याकडे पुष्कळ होतं, पण खडा त्याने त्यात धरला नाही. आपल्याकडेही सुश्रुतसंहितेत 'अश्मरी'वर, म्हणजे याच खड्यावर, सविस्तर लिहिलेलं आहे. लाज ही काही आपली प्राचीन परंपरा नव्हे.

आता बियरचं. बियरने थोडा वेळ लघवी जास्त होते हे खरं, पण दारूने अंग नंतर कोरडंच पडतं. आणि खडा अडकलेला असताना एकदम लिटरभर काहीही ढोसलं तर दुखणं वाढतं. उराकाच्या दिवसांत हा सल्ला पेडणे-डिचोलीत जरा जास्तच आवडीने दिला जातो. आजीचं कुळथाचं कढण वाईट नाही, पोटात पातळ जातंच, पण मोठा खडा त्याने फुटत नाही. कामाच्या गोष्टी साध्या आहेत. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी, म्हणजे उन्हाळ्यात तीन लिटरच्या वर. रंग फिकट राहिला की समजायचं बरोबर चाललंय. मीठ कमी, आणि इथे खारी मासळी, चोरीस, लोणचं यांच्याकडे बघायला लागतं. लिंबाचं पाणी चांगलं, पण मिठाशिवाय. दूध बंद करायची गरज नाही. लहान खडा बहुधा आपला आपण पडतो. मात्र खड्याच्या दुखण्यासोबत थंडीताप आला किंवा लघवी अडली तर रात्र काढायची नाही, तशीच गाडी काढायची.

तरुण मुलग्यांच्या तक्रारी खड्यापाशी संपत नाहीत. लघवीला जळजळ होणं हे मुलींना वरचेवर होतं, कारण आमचा मूत्रमार्ग ४ सेंटिमीटरचा. मुलग्यांचा २० सेंटिमीटरच्या आसपास, जंतूंना चढून जायला लांब. म्हणून तरुण मुलग्याला जळजळ झाली तर 'उष्णता झाली' म्हणून सब्जा पिऊन सोडून द्यायचं नसतं. त्यामागे खडा असेल, मार्ग अरुंद झाला असेल, किंवा संबंधातून लागलेला संसर्ग असेल. पू येत असेल तर परमा किंवा क्लॅमिडिया असू शकतो. दोन्ही अँटिबायोटिकने बरे होतात, पण जोडीदारालाही औषध घ्यावं लागतं. सारखी तहान आणि सारखी लघवी हे मधुमेहाचंही लक्षण असतं, विशीतसुद्धा. आणि एका बाजूचा अंडकोष अचानक भयंकर दुखायला लागला तर ते घड्याळाशी शर्यत असतं. आत पीळ पडला असेल तर साधारण सहा तासांत सोडवावा लागतो. खेळताना लागलं असेल म्हणून सकाळपर्यंत थांबणारा मुलगा तो कायमचा गमावू शकतो.

या गप्प राहण्याचा धंदा करणारेही आहेत. बस स्टँडच्या मागच्या भिंतीवर 'गुप्तरोग, हमखास इलाज'च्या जाहिराती आपण सगळ्यांनी पाहिल्यात. त्यात एक शब्द नेहमी असतो : धातू. लघवीतून धातू जाते, म्हणून अशक्तपणा येतो, म्हणून औषध घ्या. लघवी कधीकधी गढूळ दिसते ती बहुतेक वेळा क्षारांमुळे, आणि झोपेत वीर्य जाणं या वयात नॉर्मल आहे. पण या भीतीने झोप उडालेले मुलगे इतके आहेत, की डॉ. एन. एन. विग या भारतीय मनोविकारतज्ज्ञांनी १९६०मध्ये त्या अवस्थेला 'धात सिंड्रोम' असं नावच दिलं. दुखणं मनातल्या काळजीचं असतं, आणि पैसे मात्र जडीबुटीचे जातात.

मराठीत यावर सरळ बोलणारा एक माणूस होऊन गेला. रघुनाथ धोंडो कर्वे. १९२७ ते १९५३, मरेपर्यंत, त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. त्यात वाचक आपल्या शरीराच्या शंका पाठवायचे आणि कर्वे उत्तरं छापायचे. त्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि १९३४मध्ये त्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर कोर्टात उभे राहिले. त्याआधी संततिनियमनाच्या प्रचारामुळे कर्व्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली होती. तेही आपल्यासारखंच मिशनचं कॉलेज. आज अशा विषयावरचा लेख कॉलेजच्या मासिकात छापायला दिला तर मॅडम फक्त शुद्धलेखन तपासतात. एवढं तरी आपण पुढे आलोय.

तेव्हा वर्गातल्या मुलग्यांनो, तुमच्यासाठी. डॉक्टर चार-पाच गोष्टी विचारणार : केव्हापासून, कुठे दुखतं, जळजळ आहे का, रंग कसा, ताप आहे का. संबंधांबद्दल विचारलं तर तो चारित्र्याचा दाखला मागत नाही, औषध ठरवतोय. सोबत आलेल्याला बाहेर बसवा म्हणायचा तुम्हाला हक्क आहे, आई असली तरी. गावच्या आरोग्य केंद्रात लघवीची साधी तपासणी होते. पुढचं काही असेल तर म्हापशाचं जिल्हा इस्पितळ, ज्याला आमचे पप्पा अजून आझिलोच म्हणतात, आणि त्याच्यापुढे बांबोळी. मोठ्या सरकारी इस्पितळांत 'सुरक्षा क्लिनिक' असतं, तिथे लैंगिक संसर्गाचे उपचार मोफत आणि गुप्त ठेवून होतात. शब्द कुठलाही वापरा, म-वाला वापरलात तरी चालेल. डॉक्टरांनी तो आधी ऐकलेला असतो.