अंगणांतील बाजार

गेल्या उन्हाळ्यांत चिरंजीवांकडे न्यू जर्सींत तीन महिने राहण्याचा योग आला. तिकडील प्रवासवर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. नायगारा आम्हींही पाहिला, आणि त्याविषयीं आम्हांस अधिक कांहीं सांगावयाचें नाहीं. परंतु एडिसन गांवच्या एका गल्लींत शनिवारीं सकाळीं मांडलेला एक बाजार मात्र अद्यापि डोळ्यांपुढून हलत नाहीं.

या बाजारास तेथें 'यार्ड सेल' म्हणतात. घरांत नकोसें झालेलें सामान लोक स्वतःच्याच अंगणांत टेबलें मांडून विकावयास काढतात. कोपऱ्यावरील खांबास हातानें लिहिलेला पुठ्ठा बांधला कीं जाहिरात झाली. पुण्याच्या जुन्या बाजारांत वस्तु कोणाच्या घरची हें कळण्यास मार्ग नसतो. येथें तें घर पाठीमागें उभेंच असतें, आणि मालकीण खुर्ची टाकून बसलेली असते.

आमच्या शेजारच्या बाई पंच्याहत्तरीच्या आसपासच्या. त्यांनीं त्या दिवशीं बशा, दिवे, विणकामाच्या सुया यांच्या शेजारीं जोड्याचें एक जुनें खोकें ठेवलें होतें. आंत बेसबॉल खेळाडूंच्या चित्रांचीं कार्डें होतीं. वर चिठी : 'कोणतेंही एक डॉलर.'

या कार्डांचें वेड हें त्या देशांतील एक स्वतंत्र प्रकरण आहे. प्रथम तीं सिगारेटच्या पाकिटांत घालीत. पाकीट चेपत नसे आणि गिऱ्हाईकही बांधलें जाई. १९०९ ते १९११ या काळांत निघालेल्या अशा एका मालिकेंत होनस वॅग्नर या खेळाडूचीं कार्डें फारच थोडीं बाहेर पडलीं, कारण त्यानें हरकत घेतली. आपल्या चित्रापायीं मुलांनीं तंबाखू विकत घ्यावी हें त्यास रुचलें नाहीं, असें सांगतात. त्यांतील एक कार्ड २०२२ सालीं साडेबहात्तर लाख डॉलरांस गेलें! त्याच वर्षीं यांकीज संघाच्या मिकी मँटलचें १९५२ सालचें एक कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरांस विकलें गेलें. उलट, १९९० च्या आसपास कंपन्यांनीं हीं कार्डें इतकीं छापलीं कीं, मुलांच्या शिक्षणास उपयोगीं पडतील म्हणून ज्यांनीं खोकींच्या खोकीं जपलीं, त्यांस आज तीं फुकट देणेंही कठीण.

हें सर्व ज्ञान आम्हांस नातवाकडून लाभलें. वय वर्षें अकरा. तो खोकें चाळूं लागला आणि मध्येंच थबकला. मग हळूच मराठींत म्हणाला, "आजोबा, हा १९५६ चा मँटल आहे. कोपरे झिजलेत, तरी याचे शेकड्यांनीं डॉलर येतात. माझ्याकडे एक डॉलर आहे. घेऊं?"

पस्तीस वर्षें आम्ही वर्गांत अस्तेयाचा अर्थ सांगत आलों. उत्तर जिभेच्या टोंकावर असावयास हवें होतें. तें नव्हतें. मनांत प्रथम आला तो रुपयांचा हिशेब, आणि त्याच्या मागोमाग वकिली. किंमत बाईंनींच लिहिली आहे. आपण कांहीं खोटें बोललों नाहीं. दुसऱ्याहून अधिक जाणणें हा काय अपराध आहे? शास्त्र पढलेल्या माणसास अशा वेळीं युक्तिवादांची उणीव पडत नाहीं.

१९९० सालीं इलिनॉय राज्यांत एका दुकानांतील नोकरानें बाराशें डॉलरांचें कार्ड चुकून एका शाळकरी मुलास बारा डॉलरांस दिलें. तो वाद न्यायालयांत गेला, आणि अखेर उभयतांनीं कार्ड लिलांवांत काढून पैसे धर्मादाय दिले. हें चिरंजीवांनीं आम्हांस रात्रीं सांगितलें. त्या क्षणीं आमच्यापुढें न्यायाधीश नव्हता. पोराचा वर वळलेला चेहरा तेवढा होता.

आम्ही गप्प आहों हें पाहून तो स्वतःच बाईंकडे गेला. कार्ड त्यांच्या हातीं देऊन त्यानें इंग्रजींत सर्व समजावून सांगितलें. बाईंनीं चष्मा चढविला. कार्डाच्या एका कडेस दाबल्याची खूण होती. तिच्यावरून त्या बराच वेळ बोट फिरवीत राहिल्या.

"सायकलच्या चाकाशीं लावायचा तो," त्या म्हणाल्या, "कपड्यांच्या चिमट्यानें. तारांवर आपटून फटफटीसारखा आवाज व्हावा म्हणून."

तो म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. किंमत किती म्हणालास, हें त्यांनीं पुन्हां विचारलें नाहीं. कार्ड पर्समध्यें गेलें. खोक्यावरील चिठी मात्र तशीच राहिली. नातवानें दुसरें एक कार्ड निवडलें आणि आपला डॉलर टेबलावर ठेवला.

घरीं येतांना त्यानें विचारलें, "आजोबा, तुम्ही काय सांगणार होतात?"

चहाची वेळ झाली आहे, असें आम्हीं त्यास सांगितलें.