मापाची सावली

तासगावच्या आमच्या घराला पश्चिमेकडं एकच खिडकी आहे. मार्च लागला की दुपारी तीनच्या पुढं तिच्यातून ऊन थेट पलंगापर्यंत यायचं. "आला बघा पावणा," असं म्हणत आजी उठायची आणि चिक सोडायची. दोरी सैल झाली की बांबूच्या कामट्यांची वळकटी खडखडत खाली यायची आणि फरशीवर उन्हाच्या बारीक रेघा उमटायच्या, दुरेघी वहीसारख्या. मी पालथा पडून त्या रेघांवर बोटानं पाढे लिहायचो. पाच वाजेतो वही समोरच्या भिंतीवर चढलेली असायची.

हा चिक खिडकीच्या बाहेर टांगलेला असायचा. त्यातली मेख मला फार उशिरा कळली. आतल्या पडद्यानं ऊन डोळ्यांआड होतं, पण तोवर उष्मा काचेतून घरात आलेला असतो. बाहेरच अडवला तर तो काचेला शिवतच नाही. कडक उन्हाळ्यात आजी चिकावर तांब्याभर पाणीही शिंपडायची. इथली हवा कोरडी. पाणी झटकन उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. कोकणातल्या आमच्या मावशीनं हाच प्रयोग केला, तर नुसता ओला वास घरभर झाला.

आमचा तालुका पर्जन्यछायेतला. म्हणजे पावसाचीसुद्धा आम्हाला सावलीच मिळाली. पण याच कोरडेपणावर इथं बेदाणा पिकतो. गावाबाहेर पडलं की माळावर हिरव्या जाळीनं झाकलेल्या शेडा दिसतात. द्राक्षाचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवायचे, म्हणजे मण्यावरचा मेणचट थर सुटतो. मग एकावर एक ताणलेल्या जाळ्यांवर पसरायचे. पंधराएक दिवसांत चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. तास-ए-गणेश हे वाण याच तालुक्यातल्या बोरगावचं, तेव्हा द्राक्षाच्या बाबतीत आम्ही जरा तोरा मिरवतो. पण खरी कारागिरी त्या जाळीची. उघड्या उन्हात तोच मणी तपकिरी पडतो, आणि सौद्यात रंग उतरला की दर उतरला. वारा आत यावा, ऊन गाळून यावं. शेडवर उभा राहिलो की मला वाटतं, आजीचा चिकच कुणीतरी ओढून ताणून एवढा मोठा केलाय.

तो मूळ चिक काही वर्षांनी दोऱ्यांत कुजला. कामट्या मात्र ठणठणीत. आमच्या घरात काही टाकून द्यायचं म्हणजे आधी आजीशी भांडण. निम्मा चिक गच्चीवर आडवा झाला आणि त्यावर धोतर अंथरून कुरडया पडू लागल्या. खालूनही वारा लागतो म्हणून त्या लवकर वाळायच्या. उरलेल्या कामट्या घेवड्याच्या वेलाला आधार म्हणून गेल्या. एक तेवढी पतंगाचा कणा झाली. ती मी विचारून घेतली नव्हती.

पुढं मी पुण्याला फ्लॅट घेतला आणि हौसेनं ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचे ब्लाइंड बसवले. त्यांनी एक गोष्ट शिकवली, ती चिकाला जमत नाही. पट्ट्या जरा वर कलत्या ठेवल्या की ऊन छताकडं जातं आणि तिथून मऊ होऊन खोलीभर उतरतं. दुपारी दिवा न लावता वाचता येतं, डोळ्यांवर झोत नाही. धूळ मात्र अखंड. हातात ओला मोजा चढवून बोटं एकेका पट्टीवरून फिरवणं हा माझा रविवारचा व्यायाम झाला. लेक रांगायला लागल्यावर खाली लोंबणारी दोरी मी उंच खुंटीला गुंडाळून टाकली. तिचा फास लहान मुलाला फार वाईट.

ते ब्लाइंड मोडल्यावर पट्ट्या तासगावला आल्या, कारण आजी गेली तरी तिचा कायदा गेला नव्हता. भावानं काही पट्ट्या बागेत तारांवर टांगल्या. वाऱ्यानं लकाकतात, पाखरं चारदोन दिवस तरी बिचकतात. वहिनीनं कात्रीनं तुकडे करून रोपांच्या ट्रेमध्ये खोचले. वर शिसपेन्सिलीनं लिहिलेली अक्षरं: लवंगी, भरताची वांगी, टमाटा. पेनाची शाई दोन पाण्यांत जाते, शिसपेन्सिल टिकते.

गेल्या उन्हाळ्यात पश्चिमेच्या खिडकीला नवा चिक करायचा ठरवला. मी फूट-इंचांचं माप कागदावर लिहून नेलं. म्हाताऱ्या बुरुडानं कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "ऊन कुठलं अडवायचंय, सकाळचं का दुपारचं?"

"दुपारचं."

"मग दाट विणतो. पर खिडकीतनं काय दिसतंय?"

मी म्हटलं, गणपतीचं गोपुर दिसतं. परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेलं, सात मजल्यांचं, दक्षिणेच्या धाटणीचं.

"तर मग मधी थोडं इरळ ठेवतो."

आता नवा चिक लागलाय. ऋषिपंचमीला, गणपतीच्या रथाच्या दिवशी, तो पार वर गुंडाळायचा हा रिवाज आहे. एरवी दुपारी तो खाली. परवा भाची आली होती. ती फटींना डोळा लावून गोपुराचे मजले मोजत बसली. कामट्यांमुळं तिचे अकरा भरले. मी दोरीकडं हात नेला, तर ती म्हणाली, "राहू दे मामा, माझे अजून मोजायचे राहिलेत."