पॅकिंग जुनं की नवं?

हेड उतरवून बाकावर ठेवलं की गाडीमालक वाकून बघतो आणि म्हणतो, "मिस्त्री, हे पॅकिंग चांगलं आहे की अजून. कुठं फाटलेलं दिसत नाही. पुसून परत टाकूया की." कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात काम करताना हा प्रश्न मला सतत ऐकायला मिळतो. त्यामागे कंजूषपणा असतो असं मी कधी मानलं नाही. शाबूत वस्तू टाकून देऊ नये, हा आपल्या घराघरांतला संस्कार आहे आणि मलाही तो प्रिय आहे. पण पॅकिंग, म्हणजे गॅस्केट, डोळ्यांना शाबूत दिसतं म्हणून ते पुन्हा काम करेल, असं धरून चालता येत नाही. एकदा दाबून बसलेलं पॅकिंग पुन्हा दाबून घेईल का, हे तपासावं लागतं.

मशीनवरून आलेला धातूचा पृष्ठभाग आरशासारखा वाटला, तरी त्यावर कटरच्या बारीक रेघा असतात. बोल्ट आवळले की पॅकिंग दाबलं जातं, त्या रेघांत शिरतं आणि दोन धातूंमधली फट बुजवतं. काही पॅकिंग हे काम आयुष्यात एकदाच करतात. काही दाब सुटल्यावर बऱ्यापैकी मूळ आकाराला येतात. जुनं ठेवायचं की नवं घ्यायचं, याचा बराचसा निर्णय इथंच होतो.

हेड पॅकिंग पहिल्या जातीचं. एकाच पातळ पट्टीला तीन शेजारी सांभाळायचे असतात: सिलिंडरमधला जळता वायू, कूलंट आणि दाबाखालचं ऑइल. टायरमध्ये आपण दोन-सव्वादोन बार हवा भरतो. आजच्या कॉमन रेल डिझेल इंजिनात इंधन पेटतं त्या क्षणी सिलिंडरमधला दाब दीडशे बारच्याही वर जातो. त्यात ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं असेल, तर तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. म्हणजे गाडी गरम झाली, थंड झाली, की दर वेळी पॅकिंगच्या वरचा आणि खालचा धातू वेगवेगळे सरकतात आणि मधलं पॅकिंग घासलं जातं. ग्रॅफाइटचं कॉम्पोझिट पॅकिंग पहिल्याच आवळणीत कायमचं बसतं, त्याची जाडी परत येत नाही. पोलादी पत्र्याच्या थरांचं नवं पॅकिंग स्प्रिंगसारखं काम करतं हे खरं. पण त्याच्या उभारलेल्या कडा वापरात सपाट होतात आणि वरचा रबरी लेप धातूला चिकटून हेड उचलताना सोलून निघतो. म्हणून हेड पॅकिंगच्या बाबतीत माझ्याकडे चर्चा नाही. हेड उतरलं की पॅकिंग नवं. छोट्या पेट्रोल गाडीचं पॅकिंग काहीशे रुपयांत येतं. जुनं बसवून ते महिन्याभरात गेलं, तर मजुरी, ऑइल, कूलंट आणि गिऱ्हाइकाचा खोळंबा, सगळं पुन्हा पहिल्यापासून.

मात्र जुनं हेड पॅकिंग मी लगेच फेकत नाही. तिथं दोन मिनिटं थांबणं मला फार महत्त्वाचं वाटतं. दोन सिलिंडरांच्या मधल्या अरुंद पट्टीवर काजळीची रेघ दिसली, तर वायू एका सिलिंडरमधून शेजारच्यात जात होता. पाण्याच्या भोकांभोवती गंज आणि कुरतडलेली कड असेल, तर गाडीत कूलंटऐवजी नुसतं नळाचं पाणी भरलं जात होतं. आपल्याकडे हे फार होतं. गगनबावड्याचा घाट चढताना काटा लाल रेषेवर गेला आणि तसंच पुढे दामटलं, अशा गाडीचं हेड बहुधा वाकलेलं असतं. मग नवं पॅकिंग टाकूनही काही उपयोग नाही. आधी सरळ पट्टी हेडवर लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवायची आणि खालून फीलर गेज सरकवून बघायचा. बऱ्याच छोट्या इंजिनांना ०.०५ मिलिमीटरपर्यंतची वाकडेपणाची मुभा असते, पण ज्या त्या इंजिनाच्या पुस्तकातला आकडाच खरा. गेज त्याहून जास्त शिरला, तर हेड फेसिंगला पाठवायचं. उद्यमनगरात ही सोय हाकेच्या अंतरावर आहे, हे आमचं भाग्य. डिझेलच्या हेडची गोष्ट आणखी नाजूक. अनेक इंजिनांत पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून पॅकिंगची जाडी निवडायची असते आणि त्यासाठी पॅकिंगच्या कडेला भोकांची किंवा खाचांची खूण दिलेली असते. जुनं पॅकिंग आधीच फेकून दिलं, तर ती खूणही त्याच्याबरोबर जाते.

नवं पॅकिंग लावूनही काम का बिघडतं, याचं उत्तर पुष्कळदा साफसफाईत सापडतं. ॲल्युमिनियम मऊ असतं, पोलादी स्क्रॅपरचा एक ओरखडा गळतीची वाट करून देतो. ग्राइंडरवरची खरखरीत चकती लावून पॅकिंग झटपट निघतं हे खरं, पण तिचे अतिबारीक कण ऑइलच्या वाटेनं बेअरिंगपर्यंत पोचतात आणि ते खातात. मी प्लास्टिकचा स्क्रॅपर आणि रिमूव्हर वापरतो, वेळ लागला तरी चालेल. ब्लॉकमधली बोल्टची भोकंही कोरडी हवीत. भोकात पाणी किंवा ऑइल राहिलं आणि वरून बोल्ट आवळला, की त्या कोंडलेल्या द्रवाच्या दाबानं ब्लॉकला चीर जाऊ शकते. ॲम्बेसेडरच्या काळातलं इंजिन उघडलं तर आणखी एक काळजी घ्यावी: त्या वेळच्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ते ओलं करूनच काढावं. कोरडं खरवडू नये, कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच मारू नये. गॅरेजमध्ये शिकणारी कोवळी पोरं उभी असतात, त्यांची फुप्फुसं वाचवायला हवीत.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग मात्र दुसऱ्या जातीचं, आणि तिथं मी 'सगळं नवंच' असा आग्रह धरत नाही. जुन्या ॲम्बेसेडरला टॅपेट सेटिंगसाठी कव्हर वारंवार उघडावं लागे. वस्ताद मंडळी बुचाचं पॅकिंग कव्हरच्या बाजूला चिकटवत आणि हेडच्या बाजूला नुसता ग्रीसचा हात देत. कव्हर उचललं की पॅकिंग त्याच्याबरोबर अलगद निघे आणि तसंच परत बसे. पुन्हा वापरायचं हे बसवतानाच ठरवलेलं असे. या कसबाबद्दल मला आजही आदर वाटतो.

आता कव्हरच्या खोबणीत बसणारं साच्यातलं रबर असतं. त्याची परीक्षा कुकरच्या रिंगसारखीच. नखानं दाबायचं, खूण भरून आली तर रबरात जीव आहे. हलकेच वाकवायचं, बारीक चिरा दिसल्या तर विषय संपला. मग खोबणीत बसवून बोट फिरवायचं: रबर कडेच्या वर उचललेलं लागलं पाहिजे. ते खोबणीच्या बरोबरीनं सपाट झालं असेल, तर बोल्ट कितीही आवळा, धातू धातूला टेकेल आणि रबरावर दाब येणारच नाही. या तिन्ही परीक्षांत उतरलेलं मूळ कंपनीचं रबर मी निःशंकपणे परत बसवतो. बाजारातल्या हलक्या नकली पॅकिंगपेक्षा ते कितीतरी बरं. ज्या इंजिनांत स्पार्क प्लग कव्हरमधल्या नळ्यांत खोल बसलेले असतात, तिथं मात्र त्या नळ्यांचे सील कडक झाले असतील तर बदलतो. नाहीतर प्लगच्या विहिरीत ऑइल साचतं आणि गाडी मिसिंग मारते.

ड्रेन प्लगचा तांब्याचा वॉशर वापरानं कडक होतो. तो लालसर होईपर्यंत तापवून थंड केला की पुन्हा मऊ पडतो, आणि अडीअडचणीला हा उपाय चोख आहे. डिझेल इंजेक्टरच्या खालच्या वॉशरला मात्र तो लावू नका. तिथून वायू निसटू लागला की इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर चढतो, आणि पुढच्या वेळी इंजेक्टर उपसून काढताना हेडवरच संकट येतं.

राहिला सिलिकॉनचा मोह. जुन्या पॅकिंगवर शंका आली की ट्यूब पिळायची, ही सवय गॅरेजा-गॅरेजांत पसरली आहे. जिथं कंपनीनं सिलिकॉनच सांगितलंय, तिथं बारीक सलग रेघ ओढून, ट्यूबवर लिहिलेला वेळ वाळू देऊन केलेलं काम उत्तम टिकतं. पण जाड थर दिला की जेवढा बाहेर दिसतो तेवढाच आतही ओघळतो. आतला तुकडा सुटून खालच्या ऑइल चेंबरमध्ये पडतो आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. बाहेरची गळती थांबवायला गेलो आणि आत ऑइलच बंद केलं, असं होतं.

सुट्या भागाची किंमत बघून हा निर्णय करू नये. पुन्हा तिथवर पोचायला काय पडेल, ते बघावं. क्लचसाठी गिअरबॉक्स खाली उतरवला असेल, तर क्रँकचा मागचा ऑइल सील थेंबही गाळत नसला तरी मी बदलायला सांगतो, कारण त्या एका सीलसाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवणं कुणालाच परवडत नाही. थर्मोस्टॅटच्या झाकणाचं रबर मात्र तपासून परत चालवतो. उद्या पाझरलं तर थोड्या वेळात बदलता येतं. आणि जे जुनं ठेवलं, ते बिलावर लिहून गिऱ्हाइकाला सांगतो. पैसे त्याचे, प्रवास त्याचा. त्याला अंधारात ठेवण्याचा हक्क मिस्त्रीला नाही.

तेव्हा गाडी दुरुस्तीला टाकताना एवढं करा. काढलेली सगळी पॅकिंग जपून ठेवायला सांगा आणि गाडी न्यायला याल तेव्हा ती मागून घ्या. कुठलं बदललं, कुठलं ठेवलं आणि का, हे मिस्त्रीला विचारा. हेड उतरलं असेल, तर नव्या पॅकिंगचं रिकामं पाकीट बघितल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर काढू नका.