एकच किल्ली

मढच्या किनाऱ्यावर, माडांखाली आमची जुनी कॅम्पर व्हॅन उभी होती. मध्यरात्री गॅसचा वास आला, आणि सिलिंडरच्या कप्प्याची किल्ली सात किल्ल्यांच्या जुडग्यात काही केल्या सापडेना. ती सापडेपर्यंत आम्ही उभयता एकमेकांना बोल लावत राहिलो.

दुसऱ्या दिवशी किल्लीवाल्याकडे गेलो. लायनस येल (धाकटे) यांनी १८६१ साली पेटंट घेतलेलीच ती रचना: किल्लीच्या दात्यांनी आतल्या खिट्ट्या नेमक्या उंचीवर आल्या की गाभा फिरतो. कुलपे एकाच घडणीची. खिट्ट्या बदलून त्याने सातही एका किल्लीला जुळवली.

मात्र ती हरवली, तर सारेच उघडे. तरीही दोन करवून घेतल्या, एकेकाकडे एक. किल्ली कोणाकडे, हा वाद मिटला. रेग्युलेटर कोणी उघडा ठेवला, हा अद्याप उरलाच आहे.