पुलाच्या अलीकडे

प्रताप नगरातून दीक्षाभूमी म्हणजे अर्ध्या तासाची पायवाट. ११ नोव्हेंबर १९७९ ला तिथूनच लाँग मार्च निघाला. पुढे जोगेंद्र कवाडे सर, मागे हजारो माणसं. मागणी एकच. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या. विधिमंडळाने २७ जुलै १९७८ लाच तसा ठराव केला होता. पण मराठवाड्यात आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या आणि सरकारने ठराव गुंडाळून ठेवला. माझे आबाजी त्या मार्चमध्ये होते. खडकपूर्णा नदीवर पोलिसांनी सगळ्यांना अडवलं. आबाजींचं औरंगाबाद राहूनच गेलं.

येत्या नोव्हेंबरात मी त्याच वाटेने पायी निघणार आहे. गिरणीत बिनपगारी रजेचा अर्ज टाकलाय. पण आधी ती नदी बघावी म्हणून मे महिन्यात एस्टीने सिंदखेडराजाला गेलो.

जिजाऊंचं जन्मगाव. भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. लखुजी जाधवांच्या वाड्याचे दगड हात लावू देईनात. सगळा मुलूख भाजून निघालेला. मग मागे फिरून पुलावर आलो आणि वाकून पाहिलं. वाळू, काळे खडक, मधेच हिरवट डबकं. याच नदीवर वर देऊळगाव महीजवळ धरण आहे. त्याच्या पाण्याला संत चोखासागर म्हणतात. चोखोबा तिथल्याच मेहुणा राजाचे. ज्याला देवळाच्या आत येऊ दिलं नाही, त्याचं नाव आता पाण्याला आहे. बरं वाटलं. छाती फुगली.

आणि दहा मिनिटांत ती फुगलेली छाती फुटली.

घसा वाळला होता. एका टपरीवर पाणी मागितलं. टपरीवाला म्हातारा. त्याने विचारलं, "कुठले पाव्हणे?" म्हटलं, नागपूर. नाव विचारलं, सांगितलं. मग म्हणाला, "आडनाव?"

दोस्तहो, मी कविता लिहितो. मिरवणुकीत माझा आवाज सगळ्यांच्या वर असतो. तिथे जीभ टाळूला चिकटली. सुटली तेव्हा भलतंच आडनाव बाहेर पडलं. म्हाताऱ्याने दोन गिलास पाणी दिलं. मी प्यालो. खरं आडनाव ऐकूनही त्याने दिलं असतं कदाचित. पण मीच ते कळू दिलं नाही, त्यालाही आणि मलाही.

घरी आलो. आबाजींना सगळं सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमाले तं पोलिसांनं अडवलं होतं बे. तुले कोनं अडवलं?"

उत्तर नव्हतं.

१४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाला नाव मिळालं. तेही नामांतर नाही, नामविस्तार. त्यासाठी माणसं मेली, घरं गेली. आणि मी पाण्याच्या गिलासापायी माझं नाव गिळून आलो. पोलीस नव्हते, लाठी नव्हती. भीती माझ्याच आत बसून होती.

आता त्याच भागातून समृद्धी महामार्ग गेलाय. त्यावर पायी चालायला मनाई आहे. आपण जुन्याच रस्त्याने जाऊ. ज्यांना यायचं त्यांनी ११ नोव्हेंबरला सकाळी दीक्षाभूमीवर यावं. सोबत चटई, भाकरी, पाणी घ्या. आबाजी पोचवायला येणार आहेत. त्यांनी मला एवढंच बजावलंय, "त्याच टपरीवर थांबजो. पानी मांगजो. आन् आपलं पुरं नाव सांगजो."

जय भीम.