फरशीखालचं गटार

घराभोवतीचं गटार वरून सिमेंटने बंद करू नका, असं मी आता भेटेल त्याला सांगतो, कारण रत्नागिरीच्या आमच्या घरी मी नेमकं तेच केलं. वडिलांनी पागोळ्यांच्या रेषेत जांभ्याचं उघडं गटार बांधून घेतलं होतं. मिरगाच्या आधी ते उपसायचं, हा घरचा रिवाज. मला ते ओंगळ वाटायचं, पोरं आत पडतील अशी भीतीही होती. म्हणून शहाबादी फरशा बसवल्या, सांधे भरले, पाणी जायला मधेमधे भोकं ठेवली. वर तुळशीवृंदावनापर्यंत छान वाट झाली. पुढं उपसणं सुटलंच. एवढ्यावर न थांबता मोरीचं पाणीही मी त्यातच सोडलं.

इथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. पाणी तुंबलं तरी वरून काही दिसेना. जांभा पाणी शोषतो. जोत्याला ओल आली, माजघरातला गिलावा फुगून गळायला लागला. मी मात्र कौलं तपासत बसलो.

शेवटी फरशी फोडली. तळाशी लाल माती, तिच्यावर मोरीच्या तेलकट पाण्याचा काळा चिकट थर, त्यात फणसाची अर्धवट कुजलेली पानं रुतलेली. माडाची मुळं सांध्यांतून शिरून आत जाळं झालं होतं. मी अनवाणीच उतरलो, टाचेला भेगा असताना. शेजारच्या काकू गडग्यावरून ओरडल्या, "अहो, लेप्टो होईल! आधी गमबूट घाला." त्यांचं खरं होतं, उंदरांच्या मुतातले जंतू अशाच भेगांतून शरीरात जातात. उपसलेला गाळ काठावरच टाकला, तो रात्रीच्या सरीने परत आत आणला. दुसऱ्या दिवशी घमेल्यांनी लांब नेऊन टाकावा लागला.

गवंड्याने पाण्याच्या नळीने लेव्हल काढून तळाला शंभर फुटांत फूटभर उतार दिला. आता फरशा सुट्या आहेत, उचलायला कड्या लावल्यात. मोरीचं पाणी केळींकडच्या शोषखड्ड्यात जातं. गटाराच्या तोंडाशी जाळी आहे, पण पावसात ती रोज सकाळी झाडावी लागते. नाहीतर पानं तिच्यावर चिकटून बसतात आणि पाणी थेट अंगणात येतं.